चौथं रीळ

संपादकांनी मागितलं ते तसं सोपं होतं. ‘फारसे कुणाला ठाऊक नसलेले दहा उत्तम सिनेमे सुचवा, प्रत्येकावर चार ओळी लिहा. दिवाळीत लोक निवांत असतात, शोधून बघतील.’ मी हो म्हणालो, कागद पुढे ओढला, ‘एक’ असा आकडा घातला आणि तिथंच अडकलो. बाकीचे नऊ मी हसतहसत सांगितले असते. पण हा एक टाळून ते सांगणं म्हणजे लबाडी झाली असती, आणि ती मी एकदा केलेली आहे. तेव्हा यादी राहू दे.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी वेल्फेअरचा क्लार्क होतो. वेल्फेअर म्हणजे कँटीनच्या तक्रारी ऐकणं, साबण आणि गमबूट वाटणं, अपघाताचे फॉर्म भरणं आणि जखमी माणसाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेणं. या सगळ्याला शेपटासारखं जोडलेलं एक काम होतं, कामगारांना सिनेमा दाखवण्याचं. पुण्याहून पत्र्याच्या पेटीतून सोळा मिलिमीटरची प्रत यायची. एका सिनेमाची साधारण चार रिळं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं, तोवर लोक पाणी पिऊन यायचे. प्रोजेक्टर मीच चालवायचो आणि सिनेमाही मीच निवडायचो.

गाजलेले सिनेमे लोकांनी आधीच पाहिलेले असायचे, शिवाय त्यांचं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं. माझ्या वाट्याला यायचे ते पडलेले सिनेमे. पुण्यात वितरकाच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या पेट्या मी उघडायचो आणि भिंतीवरच लावून बघायचो. बहुतेक वेळा डोकं धरून घरी यायचो. पण मधूनच एखादा असा निघायचा की मला वाटायचं, अरे, हा कुणी बघितलाच कसा नाही? मग मला राहवायचं नाही. दिघीच्या माझ्या खोलीत बायको जेवायला वाढत असायची आणि मी तिला अख्खा सिनेमा सांगायचो. ती म्हणायची, “मला सांगताय ते ठीक. उद्या चारशे माणसांना दाखवणार आहात, तेवढं लक्षात ठेवा.”

ते माझ्या चांगलंच लक्षात असायचं. मी मुळात भित्रा माणूस. आडनाव वाघमारे, यावरून खात्यात जी काय थट्टा व्हायची ती आपण कल्पनेनंच ओळखून घ्या. त्यात कारखान्यात एक रीत पडून गेली होती. गेटवरच्या फळ्यावर सिनेमाखाली ‘शिफारस’ असं लिहून पुढे शिफारस करणाऱ्याचं नाव घालायचं. माझ्या आधीच्या क्लार्कनं आणलेल्या एका सिनेमापायी कँटीनची बाकं मोडली होती, म्हणून साहेबांनी हा नियम काढला होता. कुणाला धरायचं ते लोकांना कळावं, हा त्यामागचा विचार. दर वेळी तो फळा लिहिताना खडू माझ्या हातात मोडायचा.

एकदा मी नदीवरच्या एका तरवाल्याचा सिनेमा आणला. त्यात कुणी फारसं बोलतच नाही, नुसती नाव इकडून तिकडे जाते. दहाव्या मिनिटाला शिट्ट्या, पंधराव्या मिनिटाला पहिली चप्पल. मी प्रोजेक्टरच्या मागे बसून घेतलं. तेवढ्यात उस्मानाबादकडचा एक वेल्डर उठला आणि गरजला, “गप बसा बे! माझ्या बापानं जलमभर हेच केलंय. बघू द्या मला!” अख्खं कँटीन गप्प झालं. सिनेमा संपल्यावर तो वेल्डर मशीनपाशी आला, प्रोजेक्टरवरून हात फिरवून निघून गेला. असले प्रसंग पगारात धरलेले नसतात.

दुसऱ्या एका वेळी भट्टीवरच्या एका माणसानं मला आधीच गाठून शेवट काढून घेतला आणि ऐन रंगात आल्यावर अंधारात ओरडून सगळ्यांना सांगितला. लोक उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या माझ्या नावाला डांबर फासलेलं होतं. त्या दिवसापासून मी स्वतःला नियम घातला की शेवट कुणालाही सांगायचा नाही. सख्ख्या भावालाही नाही.

आता शिफ्टचं सांगायला हवं, कारण आमच्याकडे सिनेमा कधी कुणी एका दमात पाहिलाच नाही. तीन शिफ्ट, कामगारांचे तीन गट, आणि दर सोमवारी शिफ्टची बदली. ज्यांची दुसरी शिफ्ट दुपारी तीनला लागायची ते शुक्रवारी एक वाजताच यायचे. पावणेतीनचा भोंगा होईतो त्यांची दोन रिळं बघून व्हायची. पुढच्या आठवड्यात तेच लोक पहिल्या शिफ्टला. मग शुक्रवारी तीनला सुटले की साडेतीनला बसून उरलेली दोन बघायचे. म्हणजे अर्धा सिनेमा आज आणि उरलेला आठवड्यानं. मधले सात दिवस मशीनवर, कँटीनमध्ये, सायकलवरून घरी जाताना एकच विषय चालायचा, पुढे काय होणार. शेजारी राहणाऱ्या माणसांबद्दल बोलावं तसे लोक त्या पात्रांबद्दल बोलायचे. आमच्यात अनेकांना असं खरंच वाटायचं की तो मधला आठवडा सिनेमातल्या माणसांनाही काढावा लागतो.

या सगळ्यांत माझा सगळ्यात निष्ठावंत प्रेक्षक म्हणजे प्रेस शॉपमधला, पत्रा दाबून माल काढायच्या खात्यातला, सोपान कड. कुरुळीचा. मोशीवरून सायकल मारत यायचा. पेटी उचलायला हात लावायचा, पडदा बांधायचा आणि कायम माझ्या बाजूच्या बाकावर बसायचा. फळ्यासमोर कुणी नाक मुरडलं की सांगायचा, “वाघमारेभाऊनं आणलाय न्हवं? मंग बघायचा.” माझ्यावर एवढा विश्वास माझ्या बायकोनंही कधी टाकला नाही.

आणि मग तो सिनेमा आला. त्याचं नाव मी देऊ शकत नाही, कारण ते मलाच माहीत नाही. पहिले काही फूट झिजून तुटले होते, त्यात नावाची पाटी गेली. भाड्याच्या पावतीवर नुसता पेटीचा नंबर. आम्ही सगळे त्याला ‘प्रेसचा पिक्चर’ म्हणायचो. माळ्यावर तो पाहिला तेव्हा मी भिंतीसमोर तसाच बसून राहिलो होतो. एवढा खरा कारखाना मी पडद्यावर कधी पाहिला नव्हता.

प्रेस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. खाली साचा, वर साचा. मधे हातानं पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं, वरचा साचा धाडकन खाली येतो. समोर लोखंडी जाळीचा गार्ड असला तर हात आत राहूच शकत नाही. पण गार्ड लावला की काम हळू होतं. म्हणून आमच्याकडे गार्ड काढून कोपऱ्यात रचून ठेवलेले होते. जुनी प्रेस कधीकधी पेडल न दाबताच दुसऱ्यांदा खाली यायची. लोक म्हणायचे, डबल मारते.

सिनेमात हेच होतं. एका कामगाराची बोटं जातात. त्याचा दोस्त, सिनेमाचा नायक, दुसऱ्या दिवशी प्रेससमोर उभा राहतो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतो. गार्ड लावा, मग हात पुढे करीन. मग शेजारचा हात मागे घेतो, मग त्याच्या पलीकडचा. दुसरं रीळ संपतं तेव्हा बंद पडलेल्या प्रेसची रांग असते आणि हात पाठीमागे घेतलेल्या माणसांची रांग असते.

सोपानच्या गटानं तेवढं शुक्रवारी पाहिलं. भोंगा झाला तरी कुणी उठेना.

सोमवारी सकाळी सातला त्यांची पहिली शिफ्ट लागली. आठ वाजता शिपाई धावत माझ्याकडे आला. प्रेस शॉपमध्ये बारा माणसं हात पाठीमागे घेऊन उभी होती.

ते आणीबाणीचे दिवस होते. संपाचा शब्दही मोठ्यानं उच्चारायची सोय नव्हती. शेजारच्या एका कारखान्यातल्या युनियनच्या माणसाला घरातून उचलून नेलं होतं आणि तो कुठे आहे हे महिनाभर त्याच्या बायकोला कळलं नव्हतं. मी अजून कायम झालो नव्हतो. घरी आई अंथरुणाला खिळलेली. आणि गेटवरच्या फळ्यावर, मोठ्या अक्षरांत, मीच लिहिलेलं माझं नाव.

पर्सोनेलच्या साहेबांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. त्यांनी विचारलं, “वाघमारे, पुढच्या भागात काय आहे?”

“साहेब, म्हणजे, तो कामगारच...”

“मला दाखवा.”

मीटिंगच्या खोलीचे पडदे ओढून मी त्यांच्या एकट्यासाठी उरलेली दोन रिळं लावली. दोनदा प्रयत्न करूनही फिल्म प्रोजेक्टरच्या दातांत बसेना. तिसऱ्या रिळात नायकाचे दोस्त एकेक करून कामावर परततात. कुणाला लेकरं असतात, कुणाला धमकी आलेली असते. शेवटी तो एकटा राहतो. त्याला काढून टाकतात आणि तो गेटबाहेर भिंतीला टेकून बसतो. साहेब पुढे झुकून बघत होते. मग मी चौथं रीळ चढवलं. ते छोटंच होतं. ते संपलं तेव्हा साहेबांनी चष्मा पुसला.

माझी अटकळ होती की पेटी बांधून परत पाठवा म्हणतील. तसं झालं असतं तर मी आनंदानं पाठवली असती.

साहेब म्हणाले, “शुक्रवारपर्यंत थांबायचं नाही. आजच साडेतीनला या गटाला दाखवा. तिसरं रीळ. चौथं नाही.”

“साहेब, लोक विचारतील.”

“प्रोजेक्टरचा दिवा उडाला म्हणून सांगा. उडतातच ना दिवे?” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमच्या कायमच्या ऑर्डरचा कागद माझ्याच टेबलावर आहे.”

साडेतीनला थोडा अवकाश होता. मी कँटीनमध्ये पडदा बांधत होतो, तेव्हा सोपान आला. सबंध शिफ्ट उभा राहून त्याचे पाय भरून आले होते, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

“भाऊ, पुढं काय व्हतंय?”

“आता बघशीलच की.”

“तसं न्हाई. आमच्यातले चार जण आत्ताच डळमळायला लागल्यात. तुमी बघितलाय सगळा. ती माणसं टिकत्यात का न्हाई, एवढंच सांगा. मी बाकी काय इचारत न्हाई.”

साहेबांचा शिपाई दारात उभा होता. तो ऐकत होता की नाही, देव जाणे. मी सोपानला म्हणालो, “शेवट मी कुणाला सांगत नसतो. तुला माहीत आहे.”

तो हसला. “व्हय, ते बी खरंच,” म्हणाला आणि आपल्या बाकावर जाऊन बसला. त्याला वाटलं मी नियम पाळतोय. मी पाळत होतो ती भीती.

तिसरं रीळ सुरू झालं. पडद्यावर एकेक माणूस हात पुढे करून प्रेसपाशी परत जात होता आणि इथे बाकांवर बसलेले लोक एकमेकांकडे बघायचं टाळत होते. नायक भिंतीला टेकून बसला आणि रीळ संपलं. मी दिवे लावले. चौथ्या रिळाचा डबा माझ्या पायाशी होता. मी बटण दोनदा खालीवर केलं, मशीनचं झाकण उघडलं, आत बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, “दिवा उडाला.”

“दुसरा न्हाई व्हय?” कुणीतरी विचारलं.

“संपलेत.”

दुसरा दिवा माझ्या खिशात होता. मांडीला त्याची काच लागत होती आणि ती फुटेल की काय याचीच मला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटत होती. माणसाचं मन अशा वेळी कुठे जाऊन लपतं, सांगता येत नाही.

“आता काय राह्यलंय त्यात?” मागून एक जण म्हणाला. “झालं की समदं.” लोक उठले. सोपान सगळ्यांत शेवटी उठला. त्यानं पडदा सोडायला मला नेहमीसारखी मदत केली. त्या वेळी त्याला एकट्याला शेवट दोन वाक्यांत सांगता आला असता. मी दोरी गुंडाळत राहिलो.

मंगळवारी अकरा माणसं प्रेसवर होती. सोपान एकटा हात पाठीमागे घेऊन उभा होता. बुधवारीही. गुरुवारीही. शॉपमधून जायची वेळ आली की मी लांबचा वळसा घेऊन जायचो. त्याच्याशी बोलताना कुणी पाहिलं तर, ही एक भीती. त्यानं मला काही विचारलं तर, ही दुसरी, आणि ती मोठी होती. शुक्रवारी सकाळी त्यानं माफीनामा लिहून दिला. तो टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं. ‘चुकीच्या समजुतीतून माझ्या हातून बेशिस्त वर्तन घडले’ हे वाक्य माझं आहे, त्याचं नाही. त्यानं खाली सही केली, चांगली सही होती त्याची, आणि तो मशीनवर गेला.

पेटी पुण्याला परत गेली. बाकीच्या दोन गटांना एक पौराणिक सिनेमा दाखवला. महिन्याभरात मी कायम झालो.

पावसाळा संपता संपता एका सकाळी शॉपमधून ओरडा आला. मी जीप घेऊन गेलो तेव्हा सोपानचा उजवा हात कापसात गुंडाळलेला होता आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. दवाखान्यात नेताना पूर्ण रस्ताभर एकच गोष्ट सांगत होता, “भाऊ, मी पाय न्हवता ठिवला. तिनं डबल मारली. लिवताना तसं लिवा.” फॉर्मवर मी तसं लिहिलं. वरून तो फॉर्म बदलून आला, त्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं होतं, आणि मी त्याच्यावरही शिक्का मारला. तीन बोटं गेली. पुढच्याच आठवड्यात सगळ्या प्रेसना गार्ड बसले.

यानंतरही मी काही वर्षं सिनेमे आणले, पण माळ्यावरच्या पेट्या उघडायचं सोडलं. सगळ्यांना माहीत असलेलं, हसवणारं, नाचगाण्याचं काहीतरी आणायचो. फळ्यावर शिफारशीपुढे ‘वेल्फेअर खाते’ असं लिहायचो.

सोपानला स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं. आमचं बोलणं राहिलं, पण कामापुरतं. ऐंशी साल उलटून गेल्यावर कधीतरी त्यानं कुरुळीत दोन पक्क्या खोल्या बांधल्या आणि वास्तुशांतीचं आवतण द्यायला स्वतः टेबलापाशी आला. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. गेलो.

जेवणं झाली होती. ओसरीवर सोपान, त्याचा धाकटा भाऊ आणि मी. भाऊ दुसऱ्या एका कारखान्यात प्रेसवरच लागला होता आणि तिथं गार्ड नाहीत म्हणून कुरकुर करत होता. म्हणत होता, आम्ही पाचसहा जण जाऊन साहेबाला सांगणार.

सोपान म्हणाला, “गप काम कर. तुला त्या पिक्चरचं सांगितलंय न्हवं मी? एकटा पडतो माणूस. समदे सोडून जात्यात. वाघमारेभाऊनं दाखवलेला, इचार त्यास्नी.” आणि माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाला, “लई खरा पिक्चर व्हता, भाऊ. मी घरात समद्यांस्नी तीच गोष्ट सांगतो. मान खाली घालून ऱ्हावा म्हणतो.”

ताटातला विडा मी उचलला होता, तो परत ठेवला. साहेब केव्हाच बदली होऊन गेले होते, माझी नोकरी पक्की होती, आणीबाणी जाऊन जमाना झाला होता. तरी मला साहेबांच्या खोलीत वाटली होती त्याहून जास्त भीती त्या ओसरीवर वाटली. गप्प बसलो असतो तर आणखी एक माणूस माझ्या त्या अर्ध्या सिनेमावर आयुष्य काढणार होता.

“सोपान,” मी म्हणालो, “दिवा उडाला नव्हता.”

त्यानं विड्याचं ताट बाजूला सरकवलं.

“चौथं रीळ होतं. माझ्या पायाशी होतं. मला दाखवू नको म्हणून सांगितलं होतं आणि मी भ्यालो.”

“काय व्हतं त्यात?” त्याच्या भावानं विचारलं. सोपाननं विचारलं नाही.

मी सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. नायक भिंतीबाहेर बसलेला आहे. भिंतीपलीकडून प्रेसचे आवाज येताहेत, धाड, धाड, धाड, सगळ्या चालू. आत त्याच्या मशीनवर आता दुसरा एक म्हातारा कामगार लावलाय. तो पत्रा ठेवतो, पेडलकडे बघतो. त्याला नायक ठाऊकही नाही. तो हात काढतो आणि हळूच पाठीमागे बांधतो. एवढंच दाखवलंय. पुढे कॅमेरा आत जातच नाही. बाहेर बसलेल्या नायकाचा चेहरा आहे, आणि नुसता आवाज. एक प्रेस थांबते. थोड्या वेळानं दुसरी. कोण थांबवतंय हे त्याला दिसत नाही, तो नुसता कान देऊन मोजतो. आवाज विरळ होत जातात. शेवटी काहीच ऐकू येत नाही, आणि तिथं सिनेमा संपतो.

आत बायका भांडी आवरत होत्या. सोपानच्या भावानं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घेतली.

बऱ्याच वेळानं सोपाननं विचारलं, “समद्या थांबत्यात?”

“सगळ्या.”

“आन् तो थितंच बसल्याला असतो? गेल्याला नसतो?”

“तिथंच.”

त्यानं उजवा हात मांडीवरून उचलला आणि धोतराच्या घोळात घेतला. तो काही बोलेल, मला घरातून जा म्हणेल, निदान शिवी देईल म्हणून मी थांबलो होतो. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोर अंगणाकडे बघत होता.

“मी एकटा तीन दिस उभा व्हतो, भाऊ,” तो म्हणाला. “चवथ्या दिवशी बी राह्यलो असतो.”